पुढच्या रस्त्यापर्यंत

प्रस्तावना

कोणतेही मोठे काम हाती घेताना माणसाला ते शेवटास कसे जाईल याची चिंता वाटते. प्रत्यक्षात खरी कसोटी लागते ती बहुधा प्रारंभी. नव्या कष्टांची शरीराला सवय झालेली नसते, पहिला उत्साह ओसरू लागलेला असतो आणि शेवट तर दृष्टिपथातही नसतो. अशा वेळी जवळच्या माणसाचा आधार मोलाचा ठरतो. परंतु आधार देणे म्हणजे नेमके काय करणे? जेनिफर फार डेव्हिस या अमेरिकन तरुणीने २०११ साली सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांची पदयात्रा केली. त्या पदयात्रेचा पहिला, अतिशय खडतर टप्पा आणि त्या टप्प्यात तिला घरच्या माणसाकडून मिळालेली साथ यांचे वर्णन प्रस्तुत पाठात आले आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• दीर्घ पदयात्रेच्या प्रारंभी येणाऱ्या अडचणी सांगता येतील;
• आधार देणे आणि दुसऱ्याचे काम आपण करणे यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• पाठातील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करता येईल;
• केवल, संयुक्त व मिश्र वाक्ये ओळखता येतील.

मूळ पाठ

१. डोंगरमाथ्यावरची वाट

अमेरिकेच्या पूर्व भागात अ‍ॅपलेशियन पर्वतांची लांबच लांब रांग पसरली आहे. या रांगेवरून पायी चालणाऱ्यांसाठी एक सलग वाट असावी, ही कल्पना बेंटन मॅके यांनी १९२१ साली मांडली. अनेक स्वयंसेवकांच्या श्रमांतून १९३७ साली ती वाट पूर्ण झाली. दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर पर्वतापासून उत्तरेकडील मेन राज्यातील कटाडिन पर्वतापर्यंत ती जाते. वाटेत चौदा राज्ये लागतात. झाडांच्या खोडांवर आणि खडकांवर रंगवलेले पांढरे पट्टे पाहत पदयात्री पुढे सरकत असतात.

ही संपूर्ण वाट एका दमात चालून जाण्याचा पराक्रम अर्ल शॅफर यांनी १९४८ साली केला. त्यानंतर दरवर्षी अनेक जण हा संकल्प सोडू लागले. सामान्य पदयात्रीला या वाटेसाठी पाच ते सात महिने लागतात. मात्र निघालेल्या चौघांपैकी सुमारे एकच शेवटपर्यंत पोहोचतो.

बाकीच्यांचे काय होते? पुष्कळांचा धीर पहिल्या काही दिवसांतच सुटतो. स्प्रिंगर पर्वतापासून उत्तरेकडे निघालेल्यांना सुमारे पन्नास किलोमीटरांवर नील्स गॅप नावाची खिंड लागते. तेथे एक जुनी दगडी इमारत आहे आणि तिच्यामधूनच ही वाट पुढे जाते. या इमारतीतील दुकानात पदयात्री पाठीवरचे ओझे उतरवतात आणि नको असलेले सामान टपालाने घरी पाठवतात. घरून निघताना अत्यावश्यक वाटलेल्या कितीतरी वस्तू तीन-चार दिवसांत जड होऊन बसलेल्या असतात. कित्येक जण तर तेथूनच स्वतःही माघारी फिरतात. दुकानासमोरच्या झाडावर लटकणारे जुने बूट येणाऱ्या-जाणाऱ्यांचे लक्ष वेधून घेतात.

पायांना आलेले फोड, दिवसदिवस पडणारा पाऊस, ओले कपडे, रात्रीची थंडी आणि घरची आठवण ही माघार घेण्याची नेहमीची कारणे होत. यांतील प्रत्येक कारण लहानच असते. पण ती सगळी एकाच वेळी अंगावर येतात. म्हणूनच या पदयात्रेत घरच्यांचे साहाय्य महत्त्वाचे मानले जाते. वाटेजवळच्या गावांतील टपाल कार्यालयांत घरची माणसे कोरड्या अन्नाची, कपड्यांची आणि बुटांची पार्सले आगाऊ पाठवून ठेवतात. दहा-पंधरा दिवसांनी हाती येणाऱ्या त्या पार्सलात एखादे पत्रही असते. भुकेल्या माणसाला अन्नाइतकाच त्या पत्राचाही आधार वाटतो.

२. जेनिफरचा संकल्प

जेनिफर मूळची नॉर्थ कॅरोलिना राज्यातील. महाविद्यालयीन शिक्षण संपल्यावर २००५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ती या वाटेवर प्रथम एकटी चालली. त्या पदयात्रेने तिला डोंगरांची ओढ लावली. २००८ साली तिचा ब्रू डेव्हिस याच्याशी विवाह झाला. विवाहानंतर थोड्याच दिवसांत पती-पत्नी पुन्हा या वाटेकडे वळली. जेनिफर चालत होती आणि ब्रू गाडीने पुढच्या मुक्कामी जाऊन तिच्या अन्नपाण्याची सोय करत होता. सत्तावन्न दिवसांत तिने ती वाट पार केली. तोपर्यंत कोणत्याही स्त्रीने एवढ्या कमी दिवसांत ती पूर्ण केली नव्हती.

परंतु आपण याहून अधिक करू शकू, असे तिला वाटत राहिले. स्त्रिया व पुरुष अशा सर्वांमध्ये सर्वांत कमी वेळाचा विक्रम अँड्र्यू थॉम्पसन यांच्या नावावर होता. त्यांनी २००५ साली ४७ दिवस, १३ तास व ३१ मिनिटांत ही वाट पूर्ण केली होती. तो विक्रम मागे टाकण्याचा निर्धार करून जेनिफरने कंबर कसली. विशेष असे की, ती धावणार नव्हती. तिची भिस्त होती ती चालण्यावर, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत न थकता चालत राहण्यावर.

या कामी ब्रूखेरीज अनुभवी पदयात्रींचेही साहाय्य तिला लाभले. या वाटेचा कानाकोपरा ठाऊक असलेले वॉरन डॉइल आणि १९९१ साली ही वाट विक्रमी वेळात पूर्ण केलेले डेव्हिड हॉर्टन हे त्यांपैकी होत. तरीही रोजचा भार ब्रूवरच होता. डोंगरातील वाट जेथे जेथे मोटाररस्त्याला छेद देते, तेथे तेथे त्याने तिच्या आधी पोहोचायचे, अन्न, पाणी, कोरडे मोजे आणि तंबू तयार ठेवायचा आणि ती आली की थोड्या वेळात तिला पुन्हा वाटेला लावायचे, असा हा क्रम होता. नकाशात न सापडणारे कच्चे रस्ते शोधणे, गावात जाऊन खरेदी करणे, धुणे धुणे आणि तासन्‌तास वाट पाहणे हे सारे त्याच्या वाट्याला आले. पाऊल मात्र एकही त्याला तिच्यासाठी टाकता येणार नव्हते.

३. पहिल्या टप्प्याची परीक्षा

१५ जून २०११ रोजी जेनिफर कटाडिन पर्वतावरून दक्षिणेकडे निघाली. उत्तरेकडून प्रारंभ करणे म्हणजे सर्वांत अवघड भाग प्रथम अंगावर घेणे होय. मेन आणि न्यू हॅम्पशायर या दोन राज्यांत वाट वळणे घेत चढत नाही. ती सरळ खडकांवरून वर जाते आणि तशीच खाली उतरते. मेनमधील सुमारे १६० किलोमीटरांच्या टापूत एकही गाव लागत नाही. पुढे माहूसक नॉच नावाच्या घळीत घराएवढे धोंडे एकमेकांवर कोसळून पडले आहेत. ती घळ जेमतेम दीड किलोमीटर लांबीची आहे. पण तेथे चालण्यापेक्षा हातापायांवर रांगणेच अधिक घडते.

अशा वाटेवर रोज साठ-सत्तर किलोमीटर चालण्याचा परिणाम लवकरच दिसू लागला. तिच्या दोन्ही नडग्यांना असह्य वेदना होऊ लागल्या. सततच्या आघातांनी नडगीच्या हाडाला लागून असलेले स्नायू व त्यांची आवरणे दुखावली की अशा वेदना होतात. विश्रांती हाच त्यांवरील खरा उपाय. पण विश्रांतीला तेथे वाव नव्हता. उतारावर टाकलेले प्रत्येक पाऊल ठणकत असे. पाय दुखत होते. परंतु तिने चालणे थांबवले नाही.

त्यानंतर न्यू हॅम्पशायरचे व्हाइट पर्वत आले. या पर्वतांवर वाट कित्येक किलोमीटर झाडांच्या सीमेच्याही वर, उघड्या माथ्यावरून जाते. येथील माउंट वॉशिंग्टन या शिखरावर १९३४ साली ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा नोंदला गेला होता. भर उन्हाळ्यातही येथे हिवाळा अवतरू शकतो, आणि त्या वर्षी तो अवतरला. जेनिफर उघड्या माथ्यावर असतानाच बर्फाळ पावसाने तिला गाठले. अंगावरचे कपडे भिजले, बोटे बधिर झाली आणि शरीराचे तापमान धोकादायक रीतीने उतरू लागले. अशा स्थितीत माणूस थांबला की अधिकच गारठतो. ती कशीबशी चालत राहिली आणि खाली उतरली.

संकटे एकटी येत नाहीत म्हणतात. थंडीतून सावरते न सावरते तोच तिचे पोट बिघडले. खाल्लेले अन्न अंगी लागेना. दिवसाला सोळा तास चालणाऱ्या शरीराला भरपूर अन्न हवे असते. तेच थांबल्यावर पायांतील शक्ती सरली. वेळापत्रक मागे पडू लागले. प्रवास सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे होत होते आणि पुढे बारा राज्ये पसरली होती. पदयात्रा येथेच सोडून द्यावी, असे तिला वाटले.

४. रस्त्यावरचा संवाद

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. एकट्या पदयात्रीला माघार घ्यायची झाली, तरी रस्त्यापर्यंत चालावेच लागते. जेनिफरसाठी मात्र प्रत्येक रस्त्यावर गाडी उभी होती. गाडीत कोरडे कपडे होते, अंथरूण होते आणि आपला माणूस होता. दार उघडून आत बसले की सारे दुःख संपणार होते. म्हणजे जो तिचा आधार होता, तोच तिच्यापुढचा मोहही होता.

ब्रू गाडी घेऊन रस्त्यावर थांबला होता. जेनिफर त्याच्यापाशी पोहोचली आणि आता आपल्याच्याने हे होणार नाही, असे तिने त्याला सांगितले. पत्नीचे हाल त्याला दिसत होते. तिला गाडीत बसवून घरी नेणे त्याला सहज शक्य होते, आणि कोणी त्याला दोष दिला नसता. उलट, विक्रमासाठी हट्ट धरून तिला पुढे ढकलणे हेही शक्य होते. त्याने यांतले काहीच केले नाही. पदयात्रा सोडण्याचा तिचा अधिकार त्याने मान्य केला. मात्र तो निर्णय या घटकेला घेऊ नये, असे त्याने सुचवले. आधी तिने काही खावे, पाणी प्यावे, औषध घ्यावे आणि आणखी थोडे अंतर चालून पाहावे. त्यानंतरही सोडावेसेच वाटले तर खुशाल सोडावे, असे त्याचे म्हणणे होते.

तिने खाल्ले, औषध घेतले आणि ती पुढच्या रस्त्यापर्यंत गेली. मग त्याच्या पुढच्या रस्त्यापर्यंत गेली. विक्रम हातचा गेला, असे तिने मनोमन धरूनच टाकले होते. त्यामुळे आता हिशेब उरला नव्हता. आजचा दिवस जितका चांगला चालता येईल तितका चालायचा, एवढेच उरले होते. मनावरचे मोठे ओझे उतरले. पोट सावरले, वेदना हळूहळू ओसरल्या आणि डोंगरही थोडे सौम्य झाले. सुरुवातीला गमावलेला वेळ पुढील आठवड्यांत भरून निघू लागला.

३१ जुलै २०११ रोजी जेनिफर स्प्रिंगर पर्वतावर पोहोचली. तिला ४६ दिवस, ११ तास व २० मिनिटे लागली होती. जुना विक्रम तिने सव्वीस तासांहून अधिक फरकाने मागे टाकला होता. रोजची सरासरी सुमारे ७५ किलोमीटर भरली. सर्वांसाठीचा हा विक्रम एका स्त्रीने पायी चालून केला, ही गोष्ट अनेकांना विस्मयकारक वाटली. या प्रवासाची हकिकत तिने पुढे ‘कॉल्ड अगेन’ या पुस्तकात लिहिली. त्यात यशापेक्षा पती-पत्नींच्या एकत्र श्रमांची कहाणीच अधिक आहे.

विक्रम हे मोडण्यासाठीच असतात. जेनिफरचा विक्रम २०१५ साली स्कॉट ज्युरेक यांनी मोडला. त्यांच्याही पाठीशी त्यांची पत्नी उभी होती. २०२४ साली टारा डॉवर या तरुणीने हीच वाट सुमारे एकेचाळीस दिवसांत पूर्ण करून तोपर्यंतचे सर्व विक्रम मागे टाकले. तिला वाटेत साहाय्य करणाऱ्यांमध्ये तिची आईही होती.

आकडे बदलत राहतात. परंतु वाटेत थांबलेल्या त्या गाडीपाशी जे घडले, त्याचे मोल कमी होत नाही. थकलेल्या माणसाला कधी कधी सल्ल्याची गरज नसते. हवे असते ते पोटभर अन्न, थोडा अवधी आणि पुढच्या रस्त्यावर कोणीतरी थांबलेले असेल ही खात्री.

हे माहीत आहे का?

एमा गेटवुड या अकरा मुलांच्या आई. १९५४ साली त्या कटाडिनकडून या वाटेवर निघाल्या. परंतु मेनच्या जंगलात वाट चुकल्या, चष्मा फुटला आणि त्यांना परतावे लागले. पुढच्याच वर्षी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी जॉर्जियाकडून प्रारंभ केला आणि संपूर्ण वाट एकटीने पार केली.

शब्दार्थ

दृष्टिपथ – नजरेच्या टप्प्यातील भाग
टापू – प्रदेश, मुलूख
घळ – दोन डोंगरांमधील अरुंद, खोल जागा
नडगी – गुडघा व घोटा यांमधील पायाचा पुढचा भाग
भिस्त – भरवसा
अवधी – वेळ, मुदत

वाक्प्रचार

धीर सुटणे – हिंमत खचणे
कंबर कसणे – निश्चयाने तयार होणे
अंगी लागणे – खाल्लेले अन्न मानवणे
पाठीशी उभे राहणे – आधार देणे

पाठगत प्रश्न

१. योग्य पर्याय निवडून रिकाम्या जागा भरा.
(अ) अ‍ॅपलेशियन वाट ........ साली पूर्ण झाली. (१९२१, १९३७, १९४८)
(आ) जेनिफरने २०११ साली ........ पर्वतावरून प्रारंभ केला. (कटाडिन, स्प्रिंगर, वॉशिंग्टन)

२. चूक की बरोबर ते लिहा.
(अ) जेनिफरने धावून विक्रम केला.
(आ) पदयात्रा सोडण्याचा जेनिफरचा अधिकार ब्रूने मान्य केला.

आपण समजून घेऊ या

पाठात साहाय्याचे तीन प्रकार दिसतात. घरून टपालाने येणारे पार्सल हा पहिला प्रकार. तेथे घरची माणसे दूर असतात. रस्त्यारस्त्यांवर थांबलेली गाडी हा दुसरा प्रकार. तेथे गरजेच्या वस्तू वेळेवर हाती येतात. तिसरा प्रकार म्हणजे कठीण क्षणी घाईने निर्णय घेऊ न देणे. हे साहाय्य डोळ्यांना दिसत नाही; पण जेनिफरच्या बाबतीत तेच निर्णायक ठरले. ब्रूने ‘पुढे चल’ अशी आज्ञा केली नाही, की ‘आता पुरे’ असा निकालही दिला नाही. त्याने संपूर्ण वाटेचा प्रश्न बाजूला ठेवून फक्त पुढच्या टप्प्याचा प्रश्न तिच्यासमोर ठेवला.

भाषाभ्यास

पुढील वाक्ये पाहा.
(अ) ब्रू गाडी घेऊन रस्त्यावर थांबला होता.
(आ) पाय दुखत होते, परंतु तिने चालणे थांबवले नाही.
(इ) पदयात्रा येथेच सोडून द्यावी, असे तिला वाटले.

पहिल्या वाक्यात एकच उद्देश्य व एकच विधेय आहे. हे केवल वाक्य होय. दुसऱ्या वाक्यात दोन स्वतंत्र वाक्ये ‘परंतु’ या अव्ययाने जोडली आहेत; हे संयुक्त वाक्य होय. तिसऱ्या वाक्यात ‘असे तिला वाटले’ हे प्रधान वाक्य असून पहिले वाक्य त्यावर अवलंबून आहे. हे मिश्र वाक्य होय. अशा प्रत्येक प्रकाराचे एकेक वाक्य पाठातून शोधून लिहा.

पाठान्त प्रश्न

१. नील्स गॅप येथे पदयात्री कोणते सामान घरी पाठवतात? त्यामागचे कारण सांगा.
२. उत्तरेकडून प्रारंभ करणे अधिक अवघड का ठरते?
३. पहिल्या टप्प्यात जेनिफरवर कोणती तीन संकटे आली, ते क्रमाने लिहा.
४. ‘जो तिचा आधार होता, तोच तिच्यापुढचा मोहही होता.’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
५. विक्रम हातचा गेला असे मानल्यावर जेनिफरचे चालणे सुधारले. याची कारणे तुमच्या शब्दांत लिहा.
६. स्वमत : खंड पडलेले शिक्षण तुम्ही पुन्हा सुरू केले आहे. प्रारंभीच्या दिवसांत कोणत्या अडचणी आल्या? घरातील कोणाची, कशा प्रकारची साथ मिळाली, किंवा मिळायला हवी होती? दहा-बारा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) १९३७ (आ) कटाडिन
२. (अ) चूक (आ) बरोबर